भरतपूरची मोजदाद



दोन महिने इथे काही लिहिलं नाही. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरपासून लांब राहायला सांगितलं. पुण्याच्या वहिनींनी फोन करून "ब्लॉग बंद पडला की काय?" असं विचारलं, म्हणून आज बसलेय. डोळा आता छान आहे. इतका छान की परवा जानेवारीतल्या पक्षीगणनेला नातीबरोबर नांदूर मध्यमेश्वरला जाऊन आले. त्या दिवसापासून भरतपूर डोक्यात घोळतंय. आज त्याबद्दल लिहिते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आम्हा इतिहास शिकवणाऱ्यांना भरतपूर माहीत असतं ते पानिपतामुळे. १७६१ च्या त्या संक्रांतीनंतर उपाशी, उघडेवाघडे मराठे दक्षिणेकडे परतू लागले, तेव्हा त्यांना अन्नवस्त्र आणि आसरा दिला तो भरतपूरच्या सूरजमल जाटाने. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. त्या प्रसंगानंतरचं मोहरा आणि खुर्द्याचं पत्र तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मोठ्या माणसांचा आकडा आहे आणि बाकीच्यांची गणती लागत नाही असं म्हटलंय. 'गणती लागत नाही' या शब्दांकडे मी पस्तीस वर्षं शिकवताना कधी नीट पाहिलं नव्हतं. असो, त्यावर पुढे येतेच.

त्याच घराण्याच्या काळात भरतपूरच्या सखल भागात अजान बांध बांधला गेला. पावसाचं पाणी अडायचं, खोलगट जमिनीत साचायचं, भोवती बाभूळ आणि कदंबाची दाट झाडी. दाट म्हणून 'घना'. आत केवलादेव महादेवाचं देऊळ, म्हणून 'केवलादेव घना'. सगळं मिळून २९ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन गावांच्या शिवाराएवढी जागा. पण तिथे साडेतीनशेच्या वर जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. नैसर्गिक खोलगटपणा होताच, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी तिथे मुद्दाम बांध-बंधारे घालून कालव्याने पाणी खेळवलं. कशासाठी? बदकांच्या शिकारीसाठी. म्हणजे आज ज्याला आपण पक्ष्यांचं नंदनवन म्हणतो ते मुळात त्यांना मारण्यासाठी तयार केलेलं होतं.

आम्ही दोघं १९९८ च्या डिसेंबरात आग्रा-मथुरेच्या सहलीला गेलो होतो. हे तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. आग्र्याहून भरतपूर जवळ, म्हणून एक दिवस काढला. आत सायकलरिक्षा असतात आणि ते रिक्षावाले पक्ष्यांची नावं आपल्याला पाठ करायला लावतात. आमच्या रिक्षावाल्या सरदारजींना इंग्रजी नावं पाठ, हिंदी नावं पाठ, आणि एका पक्ष्याचं मराठी नाव मी सांगितलं तर तेही त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. (तो पक्षी म्हणजे आपला वारकरी. काळा, कपाळावर बुक्क्याऐवजी पांढरा टिळा. त्यांना फार आवडलं.)

देवळाजवळ त्यांनी रिक्षा थांबवली आणि म्हणाले, "ये पढ़िए, मास्टरनीजी." दगडाच्या पाट्या आहेत तिथे. त्यावर अगदी हिशेबाच्या वहीसारखे रकाने कोरलेत. तारीख, कोणाच्या सन्मानार्थ, बंदुका किती आणि पक्षी किती. सुरुवात १९०२ च्या डिसेंबरात, लॉर्ड कर्झनच्या शिकारीने, पक्षी ५४०. मग खाली व्हाइसरॉय, राजेमहाराजे, लष्करी अधिकारी अशा ओळीच्या ओळी. आणि सगळ्यात मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो आले होते. एका दिवसात ४२७३ पक्षी.

ह्यांनी तो आकडा वाचला आणि म्हणाले, "आपल्या शाळेत दहा वर्षांत एवढी मुलं शिकली नसतील." मला ते वाक्य अजून आठवतं.

भरतपूरच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर मोजदाद ही अशी आहे. तारखेसकट, दगडावर. मेलेल्यांची.

पुढे घरी येऊन मी थोडं वाचलं तेव्हा एक योगायोग सापडला. १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा वाढदिवस. जन्म १८९६. म्हणजे ज्या दिवशी भरतपूरला ४२७३ पक्षी पडले त्या दिवशी सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले. तोवर त्यांनी हैदराबाद संस्थानाची पक्षीपाहणी केलेली होती (त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता) आणि त्रावणकोर-कोचीनचीही. गावोगाव तळ ठोकायचा, कुठे कोणता पक्षी, कोणत्या महिन्यात, काय खातो, घरटं कुठे करतो, हे लिहून काढायचं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे नमुने गोळा करायला तेही बंदूक वापरत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ती एकेका नमुन्यासाठी, आणि त्याची चिठ्ठी पायाला बांधून.

त्या सगळ्यामागे जी संस्था उभी होती ती आपली मुंबईची, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी. १८८३ साली आठ जणांनी ती काढली. त्या आठांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे भाऊ. एका भावाने मराठी शब्दांच्या जाती लावल्या आणि दुसऱ्याने पशुपक्ष्यांच्या जाती लावणाऱ्या संस्थेला हात दिला! बी.ए.ला आम्हाला दादोबा होते, प्रार्थना समाजही होता, पण हा धागा कोणी जोडून दाखवला नव्हता. तसंच ॲलन ह्यूमचं. ह्यूम म्हणजे १८८५ ची काँग्रेस, एवढंच आम्ही शिकलो आणि शिकवलं. त्या माणसाने त्याआधी हिंदुस्थानभरच्या पक्ष्यांचा प्रचंड संग्रह केला होता. पण त्याच्या शिमल्याच्या घरातून पक्ष्यांवरच्या ग्रंथाची हस्तलिखितं नोकराने रद्दीत विकली. वर्षानुवर्षांच्या नोंदी बाजारात पुड्या बांधायला गेल्या. त्यानंतर त्याने तो नादच सोडला आणि सगळा संग्रह लंडनच्या म्युझियमला देऊन टाकला. जुन्या वह्या रद्दीत देताना मला आता नेहमी ह्यूमसाहेब आठवतात.

परत भरतपूरला. स्वातंत्र्यानंतर आजूबाजूच्या लोकांची मागणी आली की हे पाणी शेतीला द्या, जमीन कसायला द्या. मागणी चुकीची म्हणता येणार नाही, पोटाची होती. सलीम अलींनी हा विषय नेहरूंपर्यंत नेला आणि घना वाचला. १९५६ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू होता. याच काळात तिथे दुसऱ्या प्रकारची मोजदाद सुरू झाली. कडी घालण्याची.

पक्षी जाळ्यात जिवंत पकडायचा, मापं घ्यायची, पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घालायची, तिच्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा असा मजकूर, आणि सोडून द्यायचा. मग तो पक्षी पुन्हा कुठे सापडला, की इथून तिथे गेला हे कळतं. सैबेरियात, मध्य आशियात कुणा शिकाऱ्याला कडी सापडायची आणि पत्र मुंबईला यायचं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे पक्षी पकडायला बोलावलेली माणसं. बिहारातले मीरशिकार. पिढ्यानपिढ्या पक्षी धरून विकणं हा त्यांचा धंदा. पंख न दुखवता पक्षी कसा धरायचा, कोणत्या पाण्यावर कोणता फास लावायचा, हे त्यांच्याइतकं कोणालाच येत नव्हतं. पदवीवाले शास्त्रज्ञ त्यांच्याकडून शिकले. त्यांच्याच हातांनी हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या गेल्या.

मग आलं १९८०. सोसायटीने भरतपूरचा दहा वर्षांचा सलग अभ्यास हाती घेतला. पाणी किती खोल, त्यात कोणतं गवत, कोणते मासे, किती पक्षी, किती घरटी, सगळं दर महिन्याला, दर ऋतूला. याच सुमारास भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आणि १९८२ मध्ये गुरं चारायला बंदी झाली. भोवतालच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या त्या पाण्यात चरत होत्या. गावकरी चवताळले, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी मेले. पक्ष्यांसाठी माणसं मेली. देवळाजवळच्या त्या पाट्यांवर बदकांचा आकडा आहे, पण ही माणसं काही मी तिथे कोरलेली पाहिली नाहीत.

त्या वेळी जवळजवळ सगळ्या जाणत्यांचं मत होतं की म्हशी वाईट, त्या गेल्या की पक्षी वाढतील. पण दहा वर्षांच्या नोंदींनी वेगळंच दाखवलं. म्हशी गेल्या आणि पाण्यातलं गवत बेसुमार माजलं. मोकळं पाणी राहीना. बदकांना पोहायला जागा कमी, काही पक्ष्यांना खायला मिळेना. म्हशी म्हणजे फुकटच्या गवत कापणाऱ्या होत्या, हे त्या गेल्यावर कळलं. आणि ज्या संस्थेच्या लोकांनी बंदीचा आग्रह धरला होता तिच्याच अभ्यासाने अहवालात लिहिलं की बंदीने नुकसान झालं. याला मी मोठेपणा म्हणते. आपली चूक आपल्याच वहीत दिसली आणि त्यांनी वही बदलली नाही.

दोन गोष्टी अजून सांगते, त्याशिवाय ही मोजदाद कशाला करायची ते कळणार नाही.

पहिली सैबेरियन क्रौंचांची. शुभ्र पांढरे, लाल चेहऱ्याचे, पश्चिम सैबेरियातून अफगाणिस्तानमार्गे हजारो मैल उडत थंडीत भरतपूरला येणारे. १९६४-६५ च्या हिवाळ्यात सुमारे २०० मोजले होते. १९९२-९३ ला पाच. पुढचे दोन हिवाळे एकही नाही. मग पुन्हा चार दिसले आणि सगळ्यांना आनंद झाला. आम्ही गेलो तेव्हा सरदारजींनी लांब पाण्यातले दोन पांढरे ठिपके दाखवून सांगितलं, "वही हैं." आमच्याकडे दुर्बीण नव्हती. मला ते बगळे वाटले. ह्यांना क्रौंचच वाटले आणि शेवटपर्यंत हे सगळ्यांना "आम्ही पाहिले" असंच सांगत. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला ते आलेच नाहीत. वाटेतली शिकार, आटलेली तळी, लढाया... त्या हजारो मैलांच्या वाटेवर कुठे काय झालं ते भरतपूरच्या भिंतीच्या आत बसून थांबवता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट गिधाडांची. गिधाडाला कोण मोजतो? मेलेलं ढोर खाणारा पक्षी, आणि तेव्हा तो इतका होता की मोजण्याची गरजही वाटू नये. पण विभू प्रकाश या सोसायटीच्या शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात भरतपूरला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी मोजली. ३५३ जोड्या. दहाएक वर्षांनी पुन्हा मोजली तर निम्म्याहून कमी. १९९८-९९ ला फक्त वीस. पुढच्या वर्षी शून्य. झाडांवर माना टाकून बसलेली, मग खाली पडलेली गिधाडं. हे त्यांनी १९९९ मध्ये छापलं तेव्हा जगाला जाग आली. कारण सापडायला २००३-०४ उजाडलं. गुरांना वेदनाशामक म्हणून तेव्हा टोचत ते डायक्लोफेनॅक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारताने गुरांसाठी ते औषध बंद केलं. गिधाडं अजून पूर्ण सावरलेली नाहीत. पण विचार करा, ते ३५३ कोणी लिहून ठेवलेच नसते तर? "पूर्वी खूप असायची बुवा", एवढंच म्हणत बसलो असतो. 'पूर्वी खूप' या शब्दांवर सरकार औषध बंद करत नाही.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर फक्त ह्यांना सांगितली होती.

१९८१ च्या फेब्रुवारीत मी जनगणनेच्या कामावर होते. आम्हा शिक्षकांना ते करावंच लागतं. माझ्याकडे गावाचा नदीकडचा भाग होता. घरोघर जाऊन सगळं नीट केलं. अक्षर चांगलं म्हणून सुपरवायझरनी माझे फॉर्म इतरांना दाखवलेसुद्धा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी नदीकाठच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या राहिल्या होत्या. तीसेक असतील. घरी धाकटा तापाने फणफणलेला, अंधार पडत आलेला. बांधावर एक ओळखीचे गृहस्थ भेटले, म्हणाले, "बाई, ती इथली न्हाईत. त्यांच्या गावाला मोजतील त्यांला." मला ते ऐकायचंच होतं. मी वळले.

नियम मला पाठ होता. जो माणूस मोजणीच्या सगळ्या दिवसांत आपल्या घरी नसेल, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं. त्यांच्या गावी माझ्यासारखाच एखादा मास्तर दाराला कुलूप बघून पुढे गेला असणार. म्हणजे ती माणसं कुठेच मोजली गेली नाहीत. कोपीसमोर चुलीपाशी एक बाई उभी होती, कडेवर पोर. मी येतेय असं वाटून तिने पदर सावरला होता. मी वळल्यावर ती तशीच उभी होती. मी सही करून फॉर्म दिले.

कोणाचं काय बिघडलं, असं हे म्हणाले होते. कोटींच्या हिशेबात दीडशे माणसं. मला उत्तर देता आलं नव्हतं. आज देता येईल असं वाटतं. रेशन, शाळा, दवाखाना, सगळं आकड्यावर येतं. त्या कोप्यांतली पोरं शाळेच्या पटावर कधी आली नाहीत, आणि मी त्याच शाळेत पुढे सव्वीस वर्षं पट लिहीत होते.

म्हणून परवा नातीने "आजी, पक्षी मोजायला येतेस का?" विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा बंधारा. गाळ साचून उथळ झाला आणि पक्ष्यांना सोयीचा झाला. महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात त्याला. १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. जानेवारीतली पाणपक्ष्यांची गणना आशियात १९८७ पासून चालू आहे, त्यातलाच हा प्रकार.

पद्धत सांगते, सोपी आहे. पहाटे वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी टोळ्या बसतात, म्हणजे एकच थवा दोनदा मोजला जात नाही. थोडे पक्षी असतील तर एकेक मोजायचा. मोठा थवा असेल तर आधी दहा मोजायचे, ते डोळ्यात किती जागा घेतात ते बघायचं आणि मग दहा-दहाचे गठ्ठे करत जायचं, गाडीतून उसाच्या मोळ्या मोजतात तसं. धुकं होतं. नवा डोळा कामी आला. तलवार बदकं, थापट्या, चक्रवाकाच्या जोड्या, उघड्या चोचीचे करकोचे आणि आपले वारकरी, ते तर शेकड्यांनी. मी वही धरली होती, नात आकडे सांगत होती.

लांब पलीकडच्या काठाला, वेळूच्या मागे, काहीतरी बसलेलं दिसत होतं. नऊ वाजत आले होते, सगळे उठायला लागले. नात म्हणाली, "राहू दे आजी, तिकडे दुसऱ्या टोळीने मोजले असतील."

मी म्हटलं, चल, विचारून येऊ. अर्धा तास चिखलातून चाललो. दुसऱ्या टोळीला ते दिसतच नव्हते. सतरा हळदीकुंकू बदकं होती. लिहिली.

शेवटी फॉर्म भरताना मी गिधाडाची ओळ मोकळी सोडली. आमच्या टोळीतला जेमतेम वीस वर्षांचा मुलगा म्हणाला, "आजी, मोकळं नका ठेवू. मोकळं म्हणजे कोणी बघितलंच नाही असं होतं. बघितलं आणि नव्हतं, तर शून्य लिहायचं." मी शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

तर मंडळी, असं आहे. ज्यांच्या घरी वडिलांच्या, आजोबांच्या जुन्या वह्या असतील, पावसाच्या, पिकाच्या, विहिरीच्या पाण्याच्या, त्या रद्दीत देऊ नका. आणि तुमच्यापैकी कोणी जनगणनेचं काम केलं असेल तर तुमचेही अनुभव जरूर लिहा. पुढच्या वेळी डोळ्याच्या ऑपरेशनचं लिहीन, बऱ्याच जणांनी विचारलंय.